घरतास

पालकांच्या बैठकीत मी गोधडीचं उदाहरण द्यायची. मेंदू, पेशी, प्रथिनं असले शब्द काढले की दर्यापूर-अचलपूरहून आलेले आईबाप आदराने मान डोलावतात आणि एसटीत बसेपर्यंत सगळं विसरतात. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विनिमय कक्षात इतकी वर्षं काढल्यावर मला हे कळून चुकलं होतं. गोधडी मात्र सगळ्यांच्या घरी असते.

"लहानपणी ही गोधडी उसवलेलीच असते," मी सांगायची. "कानावर पडेल ती भाषा तिच्यात आपोआप जोडली जाते. मूल थोडं मोठं झालं की मेंदू त्या पेशींभोवती एक बारीक जाळी विणतो आणि टाके पक्के होतात. मग आपण नवीन भाषा शिकतो ती वरून ठिगळ लावल्यासारखी. तुमच्या मुलाला रोज सकाळी नाकात मारायला जो फवारा देतील, तो ही जाळी तीन महिने विरघळवून ठेवतो. तेवढ्यात तो तिथली भाषा तिथल्या लेकरांसारखी उचलतो."

फवारा घ्यायचा, ही उत्तरायण अनुदानाची अटच होती. पूर्वी आपली मुलं आणि प्राध्यापक उत्तर युरोपातल्या विद्यापीठांत वर्षभरासाठी जायचे, एका खोलीत चौघं मिळून खिचडी लावायचे, बर्फात उभं राहून फोटो काढायचे आणि शेजारी कोण राहतं हे न कळताच परत यायचे. यजमान कंटाळले. आमच्या भाषेत आमच्यात मिसळणार असाल तर या, असं त्यांनी कळवलं आणि फवाऱ्याचा खर्च अनुदानातच घातला. मुलांनी त्याचं नाव बाळगुटी ठेवलं होतं.

"पण टाके उसवले की जुने तुकडेही सुटतात," मी पुढे म्हणायची आणि इथे आवाज चढवायची. कक्षातले लोक मला मागून भोंगा म्हणायचे, ते मला ठाऊक होतं. "पहिल्या तुकडीतले एक प्राध्यापक परत आले ते बायकोच्या तोंडाकडे बघून तिच्या बोलण्याचा अंदाज बांधायला लागले. तिकडे वर्षभर आपलं कोणी बोलायलाच नव्हतं. म्हणून हा घरतास. फवारा चालू असेतो रोज एक तास, घरातलं एकच माणूस, फक्त आवाज. चेहरा दिसला की मेंदू चेहऱ्यावरून ओळखतो आणि कान आळशी होतो. आणि रेकॉर्डिंग पाठवायचं नाही. तान्हं मूल टीव्हीसमोर बसवलं तर त्याला भाषा येत नाही. समोरून उत्तर देणारं कोणीतरी लागतं."

मग एखादा बाप हमखास हात वर करायचा. "मॅडम, तासभर बोलाचं काय? आमी तं 'जेवला का' अन् 'पैसे हायेत का', एवढंच बोलतो."

"भांडा," मी म्हणायची. "भांडायला तास पुरत नाही."

सगळे हसायचे. बैठक संपायची.

माझी मुलगी मैथिली बालशिक्षणात एमए करत होती. फिनलंडमधल्या बालवाड्यांत वर्षभर काम करून शिकायचं, अशी एक जागा निघाली. मी निवड समितीतून बाजूला झाले, तरी कुजबुज व्हायची ती झालीच. ती निवडली गेली तेव्हा मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. इतक्या आईबापांना मी जे सांगत होते ते आता माझ्याच घरात येणार होतं. मी ते नीट पार पाडीन, याबद्दल मात्र मला शंका नव्हती. बोलण्यात मला कोणी हरवलेलं नव्हतं.

फोन आमच्याकडे रात्रीच्या स्वयंपाकाच्या वेळी यायचा.

"जेवली का?"

"आई, इथं दुपार हाय अजून."

"मंग दुपारी जेवू नाई असं कुठं लिवलं हाय?"

कक्षात मी शुद्ध बोलायची, घरात आमची वऱ्हाडी. मैथिलीशी तर भांडणच जास्त. तिनं स्वेटर घातला का, केस कशाला कापले, शेजारच्या कूलरची मोटर आमच्या भिंतीला कशी हादरे देते, तिच्या आत्याच्या मुलाच्या लग्नात कोण रुसलं. ती तिकडच्या लेकरांचं सांगायची. एक चार वर्षांचा पोरगा तिला बुटाचे बंद बांधून द्यायचा, कारण तिला भाषा येत नाही म्हणजे बूटही येत नसणार, असं त्याला वाटत होतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती बोलता बोलता अडली.

"अव ते काय असतं, पोळी उलटवायचं..."

मी मुद्दाम थांबले.

"आई, आठवत नाई व." तिचा आवाज रडवेला झाला. "त्यांच्या भाषेतलं येऊन राह्यलं तोंडात. आपलं येतच नाई."

"उलथनं," मी म्हणाले.

"उलथनं," ती म्हणाली. मग तीनदा पुन्हा म्हणाली. त्या दिवशी मी फोडणी, सांडशी, पाटा, वरवंटा करत अख्खं स्वयंपाकघर तिच्याकडून वदवून घेतलं. भाजी करपली. हे म्हणजे माझे यजमान प्रभाकर मोहोड, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, ती करपलेली भाजी तशीच जेवले.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी झेंडूची फुलं ओवताना माझ्या हातातून सुई पडली. उचलायला हात गेला नाही. मी यांना हाक मारली. जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

दवाखान्यात मला सगळं कळत होतं. हे सांगितल्यावर लोकांना वाटतं की मग बरं झालं. बरं काही नव्हतं. उजवा हात मेला होता, तोंडाची उजवी बाजू मेली होती, आणि डोक्यात तयार असलेलं वाक्य जिभेपर्यंत येऊन तिथेच बसत होतं. डॉक्टरांनी पाटी दिली तर अक्षरंही ओळखीची वाटेनात. त्या पाटीकडे बघून मला रडू आलं.

खाटेच्या पायथ्याशी हे आणि खंडारे उभे होते. खंडारे कक्षात माझ्या हाताखाली होता, हुशार आणि भिडस्त पोरगा.

"मैथूले सांगाचं नाई," हे म्हणाले.

"सर, ती मध्येच निघून आली तर जागा जाते," खंडारे म्हणाला. "ते एक वेळ चालेल. पण फवारा अर्ध्यात सोडला तर जाळी वेडीवाकडी विणली जाते. ना तिकडची भाषा धड, ना इकडची."

"म्हणूनच म्हणतो. सांगाचं नाई."

"पण घरतास? संध्याकाळी फोन येईल. आणि माणूस बदलता येत नाही, सर. तिच्या मेंदूनं मॅडमचाच आवाज धरलाय. दुसरा आला तर तो परका मानतो."

आपल्याकडे परगावी असलेल्या माणसाला वाईट बातमी कळवत नाहीत. परीक्षा होऊ दे, बाळंतपण होऊ दे, मग सांगू. यांचे वडील गेले तेव्हा हे पुण्यात परीक्षा देत होते आणि यांना तेरावं झाल्यावर कळलं. त्याचा राग यांनी जन्मभर भावावर काढला. तरी आपली वेळ आली तेव्हा यांना दुसरं काही सुचलं नाही.

सांगा तिला, मी म्हणाले. निदान म्हणायचा प्रयत्न केला. घशातून नुसता घोगरा सूर निघाला. मी डाव्या हाताने यांचा शर्ट धरून ओढला.

"हो हो," हे म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "तू कायजी नोको करू. पोरीच्या शिक्षणात काही आडवं येऊ देणार नाई मी."

उपाय खंडारेकडे होता. घरचं माणूस प्रवासाला गेलं, त्याचा घसा बसला, अशा वेळेसाठी उत्तरायणवाल्यांनी पर्यायी आवाजाची सोय केली होती. झालेल्या प्रत्येक घरतासाचं ध्वनिमुद्रण होतच असे. त्यातून यंत्र त्या माणसाचा आवाज, लकबी, कुठे थांबतो, कशावर चिडतो, हे सगळं उचलायचं आणि त्याच्या जागी बोलायचं. रेकॉर्डिंग चालत नाही, पण हे चालायचं, कारण हे उत्तर द्यायचं, आणि वेळेवर द्यायचं. मेंदूला तेवढं पुरतं. ही सोय दोन-चार दिवसांसाठी होती. त्याहून लांबवू नये असं माहितीपत्रकात होतं, पण का लांबवू नये ते लिहिलेलं नव्हतं. मी स्वतः ते पत्रक पालकांना वाटलेलं आहे. लांबवलं तर काय होतं, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

घरी आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. मला आतल्या खोलीत खाटेवर ठेवलं. संध्याकाळी बैठकीच्या खोलीतून आवाज आला.

"काय व माय, जेवली का?"

मी दचकले. मग मैथिलीचं हसणं आलं, आणि पुन्हा माझा आवाज. "हसते काय? बाहेर बरफ पडून राह्यला अन् तू कानाले काही बांधलं नसशील. मले मालूम नाई का तुले."

मीच होते ती. शब्द माझे, चढउतार माझा, 'मालूम'वरचा जोर माझा. घरातल्या ताज्या गोष्टी हे दुपारी यंत्राला लिहून कळवायचे. मेथी आणली, कूलरवाल्याशी बोलणं झालं, आत्या येऊन गेली. आत्या मला बघायला येऊन गेली होती, पण तेवढं गाळून. आणि संध्याकाळी तोंडावर हात ठेवून हे समोर ऐकत बसायचे. त्यांनी तो फोन मोठ्या आवाजावर ठेवण्याची काही गरज नव्हती. मला वाटतं, त्यांनाही ऐकायचं होतं. आमच्या घरात दुसरीकडे कुठे आता माझा आवाज नव्हता.

आधी मला नुसतं विचित्र वाटलं. राग नंतर आला, जेव्हा ती माझ्यापेक्षा बरी बोलायला लागली तेव्हा. तिची भाजी कधी करपत नव्हती. ती "ठेव आता" म्हणत नव्हती. एका संध्याकाळी मैथिली तिला म्हणाली, "आई, मी लहान होती तवा तू हापिसातून येऊन गप्प बसत जाय. मले वाटे, माह्यावर राग हाय तुह्या."

मी आतून ऐकत होते. मी असते तर लगेच सांगितलं असतं की बाई गं, दिवसभर लोकांशी बोलून तोंड दुखायचं, तुला काय कळणार. आणि त्यावरून आमची जुंपली असती.

"चुकलंच व माह्यं," माझा आवाज म्हणाला. "जवळ घ्याले पाह्यजे होतं तुले."

मैथिली रडली. मला कधी सांगितलं नव्हतं तसलं ती पुष्कळ काही बोलली. तिला वाटणारी भीती, तिला आवडलेला आणि न सांगता सोडून गेलेला एक मुलगा, सगळं. मी खाटेवर पडून माझ्या मुलीचं मन पहिल्यांदा ऐकलं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

एक दिवस यंत्राच्या कुठल्याशा टोमण्याला हे मोठ्याने हसले. पूर्वी माझ्या टोमण्यांना हसायचे तसेच. मी डाव्या हाताने उशाशी असलेला पाण्याचा पेला बैठकीच्या दाराकडे फेकला. हे आले, त्यांनी फरशी पुसली, पेला जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून दार लोटून घेऊ लागले. दार जुनं आहे आमचं, त्याच्यातून सगळं ऐकू येतं.

थंडीत बाळगुटीचे तीन महिने संपले. खंडारे पेढे घेऊन आला. मैथिलीच्या चाचण्या उत्तम आल्या होत्या. फिनिश तिथल्या माणसासारखी, मराठी जशीच्या तशी. आमच्या विद्यापीठाचा असा निकाल पहिलाच होता.

"मॅडम, तुमच्यामुळे," तो म्हणाला, आणि मग माझ्या डाव्या हाताशी पेढ्यांचा पुडा ठेवला.

घरतासाची सक्ती संपली होती, पण मैथिली फोन करतच राहिली. यांना आता सांगणं आणखी अवघड झालं होतं. काय सांगणार? की इतके दिवस तू जिच्याशी बोलतेस ती आई नाही? मी काठी धरून चालू लागले होते, तोंडातून एखाददुसरा शब्द निघत होता, पण तो जाड आणि ओला, कुणा दुसऱ्याच बाईचा. हे म्हणायचे, घरी आली की सांगू. समोर बघेल तेव्हा समजून घेईल.

ती पुढच्या श्रावणात आली. नागपूरच्या विमानतळावरून येताना यांनी तिला गाडीत सगळं सांगितलं. मी दारात उभी होते. साडी आत्याने नेसवून दिली होती. मी सकाळपासून एकच शब्द घोटून ठेवला होता.

ती गाडीतून उतरली. रडून तिचा चेहरा सुजला होता. ती धावत आली आणि मिठी मारली, आणि क्षणभर मला वाटलं की सगळं ठीक आहे.

"मै...थू," मी म्हणाले.

तिची पाठ माझ्या हाताखाली ताठ झाली. तिने हळूच मला सोडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि वाकून पाया पडली. आमच्याकडे ती सणालासुद्धा माझ्या पाया पडायची नाही, ढकलावं लागायचं.

मला वाटलं, धक्का बसलाय. होईल कमी. ती रोज माझे व्यायाम घ्यायची, वेणी घालायची, पाय चेपून द्यायची. एवढं तर पगारी नर्ससुद्धा करत नाही. आणि ती तसंच करत होती, नीट, न चुकता, मन लावून, एखाद्या चांगल्या मैत्रिणीच्या आजारी आईचं करावं तसं. मी बोलायला तोंड उघडलं की तिच्या कपाळावर बारीक आठी यायची. लगेच ती पुसून टाकायची. संध्याकाळी ती गच्चीवर जायची. फोनवर कोणाशी बोलते ते कोणी विचारत नव्हतं.

शेवटी खंडारेने उत्तरायणच्या मेंदूतज्ज्ञ बाईंशी पडद्यावर बोलणं जुळवलं. त्या बाई भल्या होत्या. त्यांनी मैथिलीच्या तपासणीची चित्रं समोर ठेवली. नवजात बाळ आईला आधी आवाजावरून ओळखतं, हे तुम्हाला माहीत असेल, त्या म्हणाल्या. भाषेची खिडकी उघडली की ती जुनी वाटही थोडी उघडते. शब्द एकटे येत नाहीत, ते आणणाऱ्या माणसाचाही ठसा उमटतो. एरवी त्याने काही बिघडत नाही, कारण तो ठसा आधी होता त्याच माणसाचा पुन्हा उमटतो. तिच्या बाबतीत खिडकीचा बराचसा काळ त्या आवाजाबरोबर गेला, आणि खिडकी मिटली तेव्हा आईच्या जागी तो आवाज होता. 

"आवाज तर हिचाच आहे," हे म्हणाले. खंडारेने ते भाषांतर करून सांगितलं.

"होता," बाई म्हणाल्या. "आता हिच्या आईचा आवाज वेगळा आहे. तिचा मेंदू आईला ओळखतो. आपलं मानत नाही. आई बदलून कोणी दुसरी बसवली आहे, असं वाटणाऱ्या रुग्णांसारखंच हे काहीसं आहे."

पुन्हा फवारा द्यायचा का, असं यांनी विचारलं. दुसऱ्यांदा जाळी विरघळवली तर काय उरेल ते सांगता येत नाही, आणि कायद्यानेही मनाई आहे, असं उत्तर आलं. बाईंनी माफी मागितली. पत्रकात आता स्पष्ट लिहिणार आहोत, म्हणाल्या.

मैथिली खाली मान घालून बसली होती. "मला कळतं सगळं," ती म्हणाली. "ते यंत्र आहे हे कळतं. ही आई आहे हे कळतं. कळून उपयोग होत नाही."

ती माझ्याशी बोलत होती की बाईंशी, ते समजलं नाही. मी तिचा हात धरला. तिने तो धरू दिला.

भाद्रपदात तिला ताप आला. हे औषधं आणायला गेले होते आणि घरात आम्ही दोघीच. मी तिच्या उशाशी बसून डाव्या हाताने पट्ट्या बदलत होते. ती ग्लानीत होती. "आई," ती म्हणाली, "आई व..."

आल्यापासून तसं ती मला म्हणाली नव्हती. मी वाकले आणि जमेल तसं म्हणाले, "इथं... हाय... मी."

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. लहान मूल अनोळखी माणसाच्या कडेवरून वळतं, तेवढंच. त्यात दुष्टपणा काही नव्हता. "आई," ती पुन्हा म्हणाली, भिंतीला.

मग मी तिचा फोन उचलला. एका हाताने पर्यायी आवाजाचं बटण सापडायला वेळ लागला.

"काय व माय," मी म्हणाले. म्हणजे फोनमधून मी म्हणाले. "आवाज काऊन असा येऊन राह्यला? ताप हाय का अंगात? डोळे मीट पाहू. मी हावो न इथं."

मैथिलीच्या कपाळावरची आठी गेली. तिने फोन गालाखाली घेतला. मी पट्टी बदलली आणि ओठ घट्ट मिटून बसले, मधेच माझ्या घशातून सूर निघून तिची झोप मोडू नये म्हणून.

खंडारे आला तो आठवड्याभराने. अनुदानाचं वर्ष संपलं होतं आणि वर्षाबरोबर पर्यायी आवाजही बंद होणार होता. चालू ठेवायचा तर ज्याचा आवाज त्याची संमती लागते. तो माझ्यापुढे खुर्ची ओढून बसला.

"मॅडम, तुम्ही नाही म्हणू शकता," तो म्हणाला. "कदाचित बंद झाला तर ती हळूहळू तुमच्याकडे वळेल. बाई म्हणाल्या, सांगता येत नाही. कदाचित तिला आई गेल्यासारखंच वाटेल."

हे दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मैथिली स्वयंपाकघरात होती आणि तिथे भांड्यांचा आवाज थांबला होता.

माझ्या मनात काय आलं ते सरळ सांगते. बंद करा, असंच आलं. त्या बाईला माझ्या घरातून काढा. माझा आवाज घेऊन ती माझ्या मुलीला कुरवाळते, माझ्या नवऱ्याला हसवते आणि मी इथे पेला फेकते. मग मला भिंतीकडे वळलेली मैथिली दिसली. तिची आई दोनदा मारायची होती का? एकदा तर न सांगता गेलीच होती.

मी डावा अंगठा पुढे केला. खंडारेने फोनचा पडदा समोर धरला आणि मान खाली घातली. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला.

हे सगळं मी आता लिहिते आहे ते डाव्या हाताच्या एका बोटाने. अक्षरं मला या दिवाळीनंतर परत सापडायला लागली. मैथिलीला मी लिहून दाखवते तेव्हा ती वाचते, हसते, उत्तर देते. लिहिलेल्याला आवाज नसतो, म्हणून ते तिला सोपं जातं. पण लिहून भांडता येत नाही. मी एक वाक्य पुरं करेतो तिचा राग निघून गेलेला असतो.

परवा संध्याकाळी ती गच्चीवर गेली नाही. थंडी होती. बैठकीतच बसून बोलत होती आणि दार लोटलेलं होतं.

"आई, मले नाई जमत व," ती म्हणत होती. "ती बोलाले लागली का मले भेव वाटते. मंग माह्याच राग येते मले."

"तिच्याजवळ बसत जाय थोडी," माझा आवाज म्हणाला. "तिचं तोंड चालत नाई, कान चालतात. एकटं वाटत असीन तिले. आधी तिले जेवू घाल, मंग तू जेव. आईकते काय?"

"आईकतो."

"जाय मंग."

मी उशीला टेकून बसले होते. ज्वारीच्या कण्या आणि ताक घेऊन ती आत आली. खाटेशेजारी स्टूल ओढलं, माझ्या गळ्याशी रुमाल खोवला, कण्यांवर फुंकर घातली. तिचे डोळे ओले होते, पण चेहरा शांत होता, बऱ्याच दिवसांनी.

"चला, जेवून घ्या," ती म्हणाली. "आईनं सांगितलंय, तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवायचं नाही."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. चमचा माझ्या तोंडापुढे तसाच राहिला. ती माझ्याकडे बघत होती.

मी तोंड उघडलं.